खाणीतले आजोबा

हे मी रचून सांगत नाहीये. रचायचंच असतं तर रात्र निवडली असती, काळोख निवडला असता.

हे घडलं भर दुपारी. लख्ख उन्हात. शहराबाहेरच्या बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत.

आणि मी तिथे होते.

मी मेकअपचं काम करते. माझा मोठा भाऊ, दादा, नट होता. आई गेल्यापासून घरात आम्ही तिघंच. दादा, मी आणि बाबा. बाबा गणिताचे निवृत्त मास्तर. दादाचं नाटकवेड त्यांच्या डोक्यात जायचं.

दादाला वर्षानुवर्षं धड काम मिळत नव्हतं. मग एक माहितीपट आला, टीव्हीसाठी. आदिमानव आणि त्यांच्या काळातले नामशेष झालेले अवाढव्य प्राणी, असा विषय. मेकअप माझ्याकडे होता, दादाला शिकाऱ्याचं काम मिळालं.

बाबा जेवता जेवता म्हणाले, "माणसाची भूमिका कुणी दिली नाही. आता माणूस व्हायच्या आधीची मिळाली."

दादा हसला. ते त्याचं नेहमीचं हसणं होतं, ओठांपुरतं.

खाणीतल्या त्या शूटिंगला सात शिकारी होते. प्राणी मात्र नव्हता. तो नंतर कॉम्प्युटरवर तयार होणार होता. हत्तीच्या दीडपट उंच, अंगभर केस, लांबलचक सुळे. तोवर एक जाडजूड माणूस उंच बांबू धरून उभा राहायचा. बांबूच्या टोकाला लाल चेंडू. तो म्हणजे प्राण्याचा डोळा. सगळ्यांनी तिकडे बघायचं.

त्या नसलेल्या प्राण्याला आम्ही 'आजोबा' म्हणायचो.

"आजोबा आज जरा डावीकडे सरकलेत हं!" बांबूवाला ओरडायचा. सगळे खो खो हसायचे.

त्या दुपारी शिकारीचा प्रसंग होता. दिग्दर्शकबाईंनी इशारा दिला. सातही जण किंचाळत धावले. भाले सुटले.

भाले हलके, लाकडी. टोकाला रबर.

ते खाली पडू लागले. टप... टप... टप...

सहाच पडले.

दादाचा भाला पडल्याचा आवाज आलाच नाही.

वारा अजिबात नव्हता. तरी धूळ उठली. आधी चेंडूखाली... मग जरा मागे... मग त्याच्याही मागे...

जणू कुणीतरी जड पावलं टाकत मागे सरत होतं.

बांबूवाल्याच्या हातून बांबू सुटला.

"कट! धूळ काय मस्त आली!" दिग्दर्शकबाई खूश झाल्या.

बांबूवाला माझ्याजवळ येऊन बसला. "मला कुणीतरी बाजूला सारलं, ताई. ढकललं नाही हो. हळूच सारलं. आपण वाटेतल्या लेकराला सारतो ना, तसं."

भाला सगळ्यांनी शोधला. मिळाला नाही.

संध्याकाळी मी दादाच्या कपाळावरचे नकली केस सोडवत होते. तो आरशात बघत नव्हता.

"चिमणे, ते ओरडलंसुद्धा नाही."

"कोण?"

"नुसतं बघत राहिलं माझ्याकडे. मी का मारलं, तेच त्याला कळत नव्हतं."

मला वाटलं, ऊन लागलं असेल. मी त्याला पाणी दिलं.

नंतर चार-पाच दिवसांनी, दुपारचीच वेळ. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. बाबा जेवून आरामखुर्चीत पेंगत होते. मी कपड्यांच्या घड्या घालत होते. अचानक खोलीत अंधारून आलं...

खिडकीची काच बंद होती. तिच्यावर वाफ धरली. बाहेरून. परातीएवढा पांढरा डाग. तो विरला. परत धरला... परत विरला...

कुणीतरी श्वास घेत होतं.

बाबा दचकून जागे झाले. "खिडकीसमोर ट्रक कुणी लावला रे?"

दुसऱ्या मजल्यावर!

उजेड परत आला तशी मी धावत जाऊन खिडकी उघडली. खाली गल्ली रिकामी. ऊन पडलेलं.

दादा भिंतीला चिकटून उभा होता. "मला शोधत आलंय ते."

बाबा चष्मा पुसत म्हणाले, "तुझी अक्कल शोधत आलं असेल. दमेल बिचारं."

पण पुसून झालेला चष्मा ते परत परत पुसत राहिले. मी बघितलं.

त्यानंतर दादा रोज दुपारी खाणीत जायला लागला. तासन्‌तास बसायचा. एकदा मी त्याला अडवलं.

"काय करतोस तिथे?"

"काही नाही. त्याच्या जातीचं कुणी उरलंच नाही गं. कुणाच्या तरी जवळ थांबावंसं वाटतं त्याला."

"भीती नाही वाटत?"

"आधी वाटायची. आता घरात जास्त वाटते."

बाबा आतल्या खोलीत होते. त्यांना ऐकू गेलं.

दुसऱ्या दिवशी दादा चपला घालत होता. बाबा दारात येऊन उभे राहिले. "जातोस तर जा. परत येऊ नकोस."

दादाने मान वर केली. "बरं," म्हणाला.

एवढंच.

आला नाही तो परत.

खाणीच्या काठावर त्याची स्कूटर सापडली, किल्ली लावलेली. पोलिसांची कुत्री खाली उतरली, मधोमध जाऊन बसली... आणि पुढे पाऊल टाकेनात.

"घरात काही वाद झाला होता?" पोलिसांनी विचारलं.

"नाही," बाबा म्हणाले. माझ्यासमोर म्हणाले.

माहितीपट लागला तेव्हा बाबांनी खुर्ची टीव्हीच्या अगदी पुढ्यात ओढली. शिकार आली. कॉम्प्युटरवरचे आजोबा झोकात चालत आले. मधोमध दादा, माझ्या हातच्या केसांमध्ये. टीव्हीतला भारदस्त आवाज सांगत होता, "या माणसांची नावं आपल्याला कधीच कळणार नाहीत."

शेवटी नावं आली. दिग्दर्शकबाईंचं, माझं, गाड्या चालवणाऱ्यांचंसुद्धा. दादाचं नव्हतं. मी माहितीपटवाल्यांच्या ऑफिसला फोन केला.

"गर्दीतल्या कलाकारांची नावं देत नाही मॅडम आम्ही."

गर्दी! सातजणांची!

टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली होती. बाबा तिच्याकडेच बघत होते. "आवाज मोठा कर," म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून बाबा दुपारचे बाहेर पडू लागले. घडीची खुर्ची घेऊन. कुठे जाता, विचारलं तर 'आलोच' म्हणायचे. एक दिवस मी मागोमाग गेले.

ते खाणीतच जात होते.

मी काठावरच्या दगडांमागे उभी राहिले. खाली बाबा खुर्ची मांडून बसले होते. समोर कुणी नव्हतं. आणि बाबा रागावत होते.

"हे काय वय आहे का असं राहायचं? दाढी बघ केवढी वाढलीये!"

मग मान कलती केली. ऐकत राहिले.

मला काहीही ऐकू येत नव्हतं. एक पाखरूसुद्धा बोलत नव्हतं.

"बरं बाबा, बरं. नाही बोलत." बाबांचा इतका नरम आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

मग ते उठले. खुर्ची उचलून बाजूला झाले, कुणाला तरी वाट देत असल्यासारखे...

त्यांच्या समोरची खडी करकरत दबली. एकदा. मग परत, थोडी पुढे, माझ्या दिशेने.

मी पळाले. घर येईपर्यंत थांबले नाही.

अंधार पडायच्या आत बाबा आले. हातपाय धुतले, जेवायला बसले. मी पान वाढलं. त्यांनी वर न बघता म्हटलं,

"त्याने बघितलं तुला."

माझ्या हातातला डाव तसाच राहिला.

"हाक का नाही मारलीस, विचारत होता."

बाबा अजूनही रोज जातात. येताना विचारतात, "उद्या येतेस?" मी काहीतरी काम काढते.

मला दादाला हाक मारायची आहे, देवाशप्पथ सांगते. पण त्या खाणीत मी हाक मारली, तर ओ कोण देईल... ते मला माहीत नाही.