उघडू का?

विश्वास ठेवा, ठेवू नका... पण यातला एकही शब्द माझ्या पदरचा नाही.

गेल्या आठवड्यातला मंगळवार. दुपारचे तीन वाजायला दहा मिनिटं कमी. मी ऑफिसात, ताई तिच्या घरी एकटी.

ऑफिसातले कम्प्युटर दुरुस्त करणं हे माझं काम. ताईचा फोन आला. आवाज कापत होता.

"बारक्या, ह्यांच्या पत्त्यावरून मेल आलाय."

भाऊजींना जाऊन आठ महिने झाले होते.

मेलमध्ये एक अक्षर नव्हतं. फक्त एक झिप फाइल.

"हात लावू नकोस. कुणीतरी त्यांचा पत्ता चोरला असेल."

"आणि त्यांचंच काही असलं तर?"

ती रडायला लागली. मला राहवेना. मग मी फोनवरूनच तिच्याकडून सगळं रीतसर करून घेतलं. फाइल न उघडता पेन ड्राइव्हवर घेतली. तो नेट नसलेल्या जुन्या लॅपटॉपला लावला. व्हायरस तपासला. मग आधी नुसती आतली यादी बघायला लावली.

"तू ना, ताकही फुंकून पिशील," ती रडता रडता हसली.

यादीत एकच नाव. आणखी एक झिप... 'फाटक'.

झिपच्या पोटात झिप मी ढिगाने पाहिल्यात. म्हटलं, उघड.

फोनमधून फाटक कुरकुरलेलं ऐकू आलं.

"वारा असेल," ताई म्हणाली.

'फाटक'च्या आत 'जिना'. तीही उघडली.

टप... टप... टप...

पायऱ्यांवर पावलं वाजत होती. शेजारचे असतील, मी मनात म्हटलं. माझं सगळं लक्ष फाइलींच्या नावात.

'जिना'च्या आत 'दार'.

तेवढ्यात माझ्यामागे प्रिंटर खडखडायला लागला. काही ऐकू येईना. मग ताईचा बारीक आवाज...

"उघडू का?"

"उघड."

कडी सरकली.

फोन बंद.

मी धावत सुटलो. पोचलो तर दार सताड उघडं. ताई शांत बसलेली. लॅपटॉपवर 'दार' तशीच... न उघडलेली.

"कडी वाजवली ना त्यांनी. दोनदा, मग थांबून एकदा. ह्यांची सवयच ती. म्हणून तुला विचारलं."

"अगं, मी फाइलचं म्हणत होतो!"

"मी दाराचं."

"कोण होतं?"

ती नुसती हसली.

तेव्हापासून ताई रडत नाही. दाराला कडी लावत नाही.

काल संध्याकाळी घरी आली, घराची दुसरी चावी माझ्या हातात ठेवली. निघताना म्हणाली, "जाते रे."

"येते म्हणावं, ताई!"

"कळतं रे मला. पण जातेच म्हणायला सांगितलंय."

आज ती फोन उचलत नाही. दोनदा तिच्या दारापर्यंत जाऊन आलो. आज दाराला कुलूप आहे... आणि आत दोघं बोलतायत.

चावी खिशात आहे. मला भीती वाटते. उघडायचा धीर होत नाही.