बारा उजवीकडे, सात वर

खंडेराव आणि मी पहिल्यांदा भेटलो ते टेबलाखाली. माझ्या शाईच्या पेनचं निब घरंगळत तिकडे गेलं होतं, त्याच्या काखेतली नकाशाची गुंडाळी निसटून तिकडेच गेली होती, आणि दोघं एकदमच वाकलो. डोक्यावर डोकं आपटलं.

“लागलं का?” त्यानं विचारलं.

“निब तुमच्या गुडघ्याखाली आहे. त्याला विचारा.”

त्यानं गुडघा उचलला. निब मोडलं होतं. तळहातावर घेऊन त्यानं ते इतक्या दुःखानं पाहिलं की मला हसू आलं... आणि तिथूनच सगळं बिघडलं.

हे पंचाहत्तर सालातलं. नाशिकच्या एका कालव्याच्या ऑफिसात मी ट्रेसर होते. नकाशावर पातळ कापड पसरायचं आणि खालच्या रेघा शाईनं वर उतरवायच्या. दिंडोरी तालुक्यातले झाडून सगळे ओढे मी काढले होते, पाहिला एकही नव्हता. खंडेराव सर्वेवाला. नाव एवढं भारदस्त आणि अंगकाठी रेघा मारायच्या लांब टी-स्क्वेअरची. तो दिवसभर उन्हात हिंडून ते ओढे प्रत्यक्ष बघायचा आणि संध्याकाळी धुळीनं माखून यायचा.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर नवं निब होतं आणि त्याखाली चिठ्ठी. सुरेख, नकाशावर लिहितात तशा अक्षरात — ‘चहा गार झाला’.

चहा तर कुठेच नव्हता. मी चिठ्ठी घेऊन नकाशाच्या खोलीत गेले.

“हे काय?”

“बाराखडी येते ना?”

“मास्तरांची मुलगी आहे मी.”

“मग शब्दांची पहिली अक्षरं बघा. क म्हणजे एक, का म्हणजे दोन, कि तीन, की चार... असं पुढे. ‘चहा’तला च?”

“एक. गा — दोन. झा — तोही दोनच.”

“पहिले दोन आकडे मिळून बारा, आणि मग दोन. नकाशाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यापासून बारा इंच उजवीकडे, दोन इंच वर.”

मी फूटपट्टी लावली. पेन्सिलचं टोक एका बांधावर टेकलं.

“इथे काय आहे?”

“बाभूळ. काल तिच्याखाली डबा खाल्ला.” मग नकाशाकडेच बघत, “एकट्यानं.”

“मग मी काय करू? बाभळीला नमस्कार सांगू?”

“काही करू नका. फक्त... तुम्हाला माहीत असावं.”

मीही कमी नव्हते. दोन दिवसांनी त्याच्या गुंडाळीत चिठ्ठी खोचली — ‘रजा मिळेल का’. तेरा उजवीकडे, दोन वर. संध्याकाळी तो माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

“ही तर विहीर आहे.”

“असेल.”

“ढकलायचा विचार आहे?”

“पोहता येतं का त्यावर आहे.”

असे तीन-चार महिने गेले. पावसात पत्र्यावर एवढा आवाज व्हायचा की बोललेलं ऐकू येत नसे, तेव्हा चिठ्ठ्यांचंच राज्य. हेडक्लार्क मोतीरामभाऊंच्या डोळ्यांदेखत त्या इकडून तिकडे जायच्या. त्यांना वाटायचं, ही पोरं चहा-रजेपलीकडे काही बोलतच नाहीत. मला मात्र कळत होतं — कुठल्या नाल्याला खेकडे आहेत, कुठल्या टेकडीवरून सगळे द्राक्षमळे दिसतात, कुठे उभं राहून त्याला माझी आठवण आली. हे शेवटचं तो सांगत नसे. ते मीच धरून चालायचे.

शेवटी मीच विचारलं. जिन्यात, उभ्याउभ्या.

“तुमच्या घरी मी चालेन?”

आम्ही बौद्ध. नाशकातल्याच द्वारकेजवळ कॉलनीत राहायचो, वडील, म्हणजे दादा, शाळेत मास्तर. त्याचं दिंडोरीकडे मोठं शेतकऱ्याचं घर, चार चुलते, आणि पाण्याचा हंडा कुणी शिवायचा हे ठरवणारी आई.

“नाही,” तो म्हणाला. सरळ म्हणाला. त्याचं हे मला आवडायचं, आणि तेव्हा फार लागलं.

“मग?”

“मग दुसरं घर बघायला हवं.” तो कठड्याचा रंग नखानं खरवडत राहिला. “आता महिनाभर मी कॅम्पवर आहे. जागा मिळाली की चिठ्ठी पाठवतो. तिथे या. आलात की रजिस्ट्रारकडे लग्नाची नोटीस देऊ. नाही आलात तर... मी समजेन. पुन्हा विचारणार नाही.”

“का नाही विचारणार?”

“घर तुम्ही सोडणार, बोलणी तुम्ही खाणार. त्यात मी ओढाओढ करू?”

एवढा मोठेपणा माणसानं करू नये. ओढाओढ करावी. पण हे मला पुढे कळलं. तेव्हा मी नुसती मान हलवली आणि त्याच्या नखातला हिरवा रंग बघत राहिले.

तो गेला आणि त्याच आठवड्यात ऑफिसात नवे नकाशे आले. जुने इंच-मैलाचे गठ्ठे बांधून माळ्यावर टाकले, इंचाच्या पट्ट्या गोळा करून नेल्या, आणि माझ्या टेबलावर सेंटीमीटरची पांढरी पट्टी आली. पहिले आठ दिवस मी चुकत होते. मग हात बसला. इतका बसला की इंच म्हणून काही असतं हेच विसरले.

जीपवाल्या फकिराबरोबर चिठ्ठी आली ती नोव्हेंबरात. माझ्या हाती पडण्याआधी मोतीरामभाऊंच्या हाती पडली.

‘नवा साहेब येतोय. रविवारी दहाला.’

आणीबाणीचे दिवस. साहेब म्हटलं की भिंतीसुद्धा सावरून उभ्या राहायच्या. मोतीरामभाऊंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“कॅम्पवरून कळवलंय म्हणजे पक्की खबर. रविवारी नऊला सगळे हजर. खिडक्या पुसा. पंचशीलाबाई, तुमच्या दौती झाकून ठेवा.”

मी मान खाली घातली. न — एक. सा — दोन. ये — सात. बारा उजवीकडे, सात वर. सगळे जेवायला गेल्यावर नवा नकाशा उलगडला, पट्टी लावली. पेन्सिल म्हसरूळला उतरली. अगदी कुंडाच्या काठाला. जागा इतकी नेमकी की शंका यायला फटच नव्हती. दिंडोरीहून येणारी बस म्हसरूळवरूनच जाते, माझ्या घरापासूनही लांब नाही. किती विचार केलाय यानं, असं वाटून माझे डोळे भरून आले.

त्याच रविवारी संध्याकाळी मनमाडची मंडळी माझा होकार-नकार ऐकायला येणार होती. पहायला ती आधीच येऊन गेली होती. आईला मी सांगितलं, ऑफिसात साहेब येतोय. आयुष्यात प्रथमच खोटं बोलताना माझ्याजवळ लेखी पुरावा होता.

दहाला दहा कमी असताना मी कुंडावर पोचले. निळं पातळ नेसले होते. बायका धुणं धूत होत्या. दिंडोरीकडून बस आली, माणसं उतरली. कोथिंबिरीच्या जुड्या, दोन कोंबड्या, एक म्हातारा. दुसरी बस आली. अकरा वाजले. धुण्याच्या बायका एकमेकींना कोपर मारू लागल्या.

“कुनाची वाट बघती गं?” एकीनं विचारलं.

“साहेबाची,” मी म्हटलं.

बारा झाले. एक झाला. प्रत्येक बसमधून उतरणारा पहिला उंच माणूस मला तोच वाटायचा, मग तो वळायचा आणि भलताच निघायचा. दोनला मी उठले. चेहरा धुऊन घरी गेले. संध्याकाळी दादांनी विचारलं, “मग काय सांगायचं मनमाडकरांना?” त्यांचा आवाज असा मऊ होता... मी म्हटलं, “तुम्ही म्हणाल ते.” लग्न वैशाखातलं ठरलं.

ऑफिसातही साहेब आला नव्हता. मोतीरामभाऊ आठवडाभर रुसले होते.

खंडेरावचा राजीनामा कॅम्पवरूनच आला. फकिरा म्हणाला, “ओझरच्या विमान कारखान्यात लागला तो. नशीब काढलं.”

नशीब काढलं आणि मला टाकलं, एवढाच अर्थ मी लावला. आईच्या हंड्यापुढे हरला असेल. त्याला शिव्या द्यायलाही मला जमेना. मी ओढे काढत राहिले. त्या हिवाळ्यात माझी एकही रेघ थरथरली नाही, आणि तसं काम चांगलं होत असताना माणूस आतून किती मेलेला असू शकतो, ते मला तेव्हा कळलं.

मार्च संपता संपता माळ्यावरचे जुने गठ्ठे परत पाठवायचे निघाले. मोजून नोंद करायचं काम माझ्याकडे. एक जुना नकाशा उलगडला, आणि त्याच्या कडेला मैलांच्या खुणा दिसल्या. हात थांबला. पट्टी मागवायलाही धीर नव्हता. अंगठ्याच्या पेरानं, एका पेराला एक इंच धरून, मोजत गेले — बारा. मग वर, सात.

ओझर. बाणगंगेचा काठ, गावाच्या जरा बाहेर.

मी तशीच गठ्ठ्यावर बसले. मोतीरामभाऊंनी विचारलं, “झुरळ निघालं का?”

रजा टाकून ओझरची बस धरली. वैशाखाला अजून महिना होता. सांगता येईल, अजून सांगता येईल, असं वाटेत किती वेळा म्हटलं कोण जाणे. नदीकाठी शेतात एकच चाळ होती, तीन खोल्यांची. एवढ्या ओझरात त्यानं अगदी पूर्ण इंचावर बसणारी खोली कशी शोधली असेल, किती दारं ठोठावली असतील...

दारात मिरच्या निवडत मालकीण बसली होती. धोंडाबाई.

“खंडेराव इथेच राहतात?”

“हाय ना. पाळीवरनं आताच आला. बस, त्याची बायको नदीवर गेलीय, येईल. मागच्या म्हैन्यातच लगीन झालं. पोरगी लय गुणाची.”

तो बाहेर आला. हातातला टॉवेल तसाच. धोंडाबाईंच्या नजरेला पडू अशा बेतानं आम्ही बांधावर जाऊन उभे राहिलो, दोन हात अंतर ठेवून.

“मी समजलो होतो,” तो म्हणाला. “तुम्ही यायला नको होतं.”

“मी आले होते. म्हसरूळच्या कुंडावर. दहाला.”

त्याचे ओठ हलले. सर्वेवाला माणूस. मला पाच महिने लागले, त्याला पाच पळंही लागली नाहीत.

“सेंटीमीटर,” तो म्हणाला.

“हो.”

“नवे नकाशे कधी आले?”

“तुम्ही गेलात त्याच आठवड्यात.”

“मला कुणी कळवलं नाही.”

“मला सुचलं नाही.”

त्यानं टॉवेलची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

“किती वेळ थांबलात?”

“दोनपर्यंत. तुम्ही?”

“दिवस मावळेपर्यंत. मग आईनं जी मुलगी सांगितली तिला हो म्हटलं. कोणाला म्हणतोय ते बघितलंही नाही.” मग टॉवेलकडेच बघत, “ती चांगली आहे.”

“दिसतंय.” नदीवरून ती येतच होती. डोक्यावर धुण्याचं घमेलं, अंगावर नव्या नवरीची हिरवी साडी. मला बघून हसली, आणि घमेलं उतरवायच्या आधी म्हणाली, “बसा ना ताई, भाकरी टाकते.”

“बस चुकेल,” मी म्हटलं.

तो स्टँडपर्यंत आला नाही. बांधावरूनच बघत राहिला असेल. मी वळले नाही. वैशाखात माझं लग्न झालं. नवरा भला माणूस आहे, त्याला नकाशा वाचता येत नाही. ही गोष्ट मी त्याला सांगितलीय. तो म्हणाला, “एवढं थांबलीस, एखादा तास अजून थांबायचंस.” त्याला समजावून सांगितलं नाही की मी संध्याकाळपर्यंत थांबले असते तरी खंडेराव ओझरलाच असता.

पण दहा ते दोन दोघंही थांबलो होतो. मी कुंडाच्या पायरीवर, तो बाणगंगेच्या काठी, आणि दोघांनाही पक्कं ठाऊक होतं की समोरचं माणूस आपल्याकडे यायला निघालंय. चार तास. आमचा संसार म्हणायचा तर तेवढाच झाला, आणि त्यात भांडण एकही झालं नाही.