टेपचं दुमडलेलं टोक

शेवटच्या साध्या दिवशी आप्पा जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर पंखा उघडून बसले होते. वायर जोडून झाली, काळी टेप गुंडाळून झाली, आणि नेहमीप्रमाणे त्यांनी टेपचं टोक नखाएवढं आत दुमडलं.

“उद्या कोणाला उघडावं लागलं, तर त्याने टोक शोधत बसायचं का?”

“तुमचं काम उघडायची वेळ येते कधी, आप्पा?”

ते खूश होऊन हसले. आमच्या घरात हा विनोद नव्हता, कायदा होता. एकतीस वर्षं आयटीआयमध्ये वायरमनचा वर्ग घेतलेले अवधूत मास्तर चुकत नसत. आई चुके, मी चुके, मीटरवाला चुके. आप्पा नाही.

निवृत्तीनंतर त्यांनी एक नाद लावून घेतला होता. टेंभुर्णीच्या पलीकडे, भीमेवरच्या धरणाच्या फुगवट्यात चालणाऱ्या होड्यांना ते पंप बसवून देत. होडीच्या तळात पाणी साचतंच; ते वाढलं की फ्लोट तरंगत वर उचलला जातो, स्विच लागतो आणि पंप पाणी बाहेर फेकतो. माणसाने काही करायचं नाही. “पण रोज सकाळी तळात बादलीभर पाणी ओतायचं,” आप्पा सांगत, “आणि पंपाचा आवाज ऐकायचा. होडी गळण्याने बुडत नाही. ऐकलं नाही की बुडते.”

त्या संध्याकाळी ते टेंभुर्णीच्या एसटीत बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी धुळाप्पा नावाड्याची मोठी होडी बुडाली. तो आणि आप्पा पाणी चढत चाललेल्या बेटावरून मेंढरं काठाला आणत होते. चौदा मेंढरं आणि एक माणूस गेला. धुळाप्पा पोहून काठाला लागला.

तो जगला, हे मी त्याला माफ केलं नाही.

मी तक्रार केली. आप्पांनी बसवलेला स्विच बंद पडणं शक्यच नव्हतं. म्हणजे धुळाप्पाने बॅटरी वाचवायला तो काढून ठेवला असणार. त्याची भाड्याची फेरी थांबली. चौकशी ऋतुराज नावाच्या तरुण अधिकाऱ्याकडे होती. तो म्हणाला, “मॅडम, तुमचा शब्द आणि त्याचा शब्द. स्विच मिळाला तर बोलता येईल.” स्विच चाळीस फूट पाण्याखाली होता.

पण मे महिन्यात फुगवटा आटला, आणि मधल्या गाळात त्या होडीचं नाक वर आलं. चौकशीची मुदत संपायला एक दिवस उरला होता. तो स्विच आणायला आम्ही तिघं निघालो.

तिघं, कारण जागा फक्त धुळाप्पाला ठाऊक होती. “नेतो की ताई,” एवढंच तो फोनवर म्हणाला होता. त्याची बायको मायाक्का मात्र काठावर माझी वाटच पाहत होती.

“मी बी येनार. ह्यांना एकट्याला तुमच्यासंगट धाडत न्हाय. परत येऊन आनखी कायतरी लिवाल.”

“जे खरं असेल तेच लिहीन.”

“खरं! सोलापुरात बसून दिसतं व्हय तुमाला हितलं खरं? लई नजर हाय की!”

“गप ए,” धुळाप्पा म्हणाला. त्याने आपल्या मासेमारीच्या पत्र्याच्या लहान होडीत बादलीभर पाणी ओतलं आणि मान तिरकी करून उभा राहिला. घुर्रर्र! पंप लागला. पाणी बाहेर पडलं. त्याने आणखी एक बादली ओतली. मग तिसरी.

“आता सुचतंय पाणी ओतायचं,” मी म्हणाले.

त्याने बादली ठेवली. इंजिनाची दोरी ओढली.

तासभर पाणी आरशासारखं होतं. दोन्ही बाजूंना आटलेल्या काठाच्या पट्ट्या दिसत होत्या, एकावर एक, जसा काही कोणी ओल्या मातीवर कंगवा फिरवला असावा. बुडालेल्या शेतांतल्या बाभळींचे काळे शेंडे कुठे वर डोकावत, कुठे पाण्याखाली वीतभरच दबा धरून बसलेले. धुळाप्पा इंजिन हळू करून त्यांच्यामधून होडी काढत होता. मी हातात आप्पांचा जुना पाना घेऊन बसले होते. आणलेलं हत्यार तेवढंच. मला दुरुस्त काहीच करायचं नव्हतं. फक्त उपटून आणायचं होतं.

गाळाच्या बेटापाशी होडी अडली. पुढे दोनशे पावलं चालायचं होतं. पहिल्याच पावलाला मी गुडघ्यापर्यंत गेले, चौथ्याला मांडीपर्यंत!

“पाय वर उपसू नका!” मायाक्का ओरडली. “आडवं व्हा! मेंढरू रुततं तवा धडपडून मरतं. आडवं!”

मी आडवी झाले. मला दहा महिने शिव्या घालणाऱ्या त्या बाईने माझं मनगट धरलं आणि मला एका हिसड्यात बाहेर काढलं. आभार मानायची इच्छा झाली, म्हणून मला आणखीच राग आला.

होडी एका कुशीवर कलंडलेली होती. तळफळ्यांवर गाळ, गाळात लोकर. मूठ-मूठ लोकर! धुळाप्पाने मागची फळी उचलली आणि बाजूला झाला. “बघा ताई. तुमीच बघा.”

मी हाताने गाळ खरवडला. पंप जागेवर होता. स्विचही जागेवर. कोणी काढला नव्हता. फ्लोटभोवती लोकरीची दोरीसारखी गुंडाळी बसली होती, आणि त्यावरून काळी टेप. फ्लोट खाली दाबून बांधून टाकलेला. पाणी कितीही चढलं तरी तो उठणार नव्हता. मिळाला पुरावा! मी खिशातून फोन काढला. फोटो घ्यायला वाकले.

टेपचं टोक नखाएवढं आत दुमडलेलं होतं.

मी फोन परत खिशात ठेवला.

 धुळाप्पा माझ्यामागे उभा राहून पाण्याशी बोलावं तसं बोलत होता. “मेंढरांची लोकर गुतून फ्लोट वरच अडकाया लागला हुता. पंप बंदच हुईना, बॅटरी उतराया लागली. मास्तर म्हनले, आजच्या दिवस बांधून टाकू, बटन मी हातानं चालवतो. उद्या नवा स्विच बसवू. मी म्हनलं, मास्तर, मेंढरं नंतर आनू. तर म्हनले, मी हाय की. मग मधी एक मेंढी उडी माराय लागली, तिला धराया पुढं गेले. मागं पानी चढलं. मेंढरांच्या गर्दीत दिसलंच न्हाय.”

“आणि हे तू दहा महिने सांगितलं नाहीस?”

“सांगून काय? तुमी मानलं असतं?”

नसतं मानलं. ते त्याला ठाऊक होतं, मलाही.

“मास्तरांनी हितं बारा होड्यांना पंप बशिवले, ताई. रुपाया घेतला न्हाय. त्यांचं नाव...” तो थांबला. “टाका त्यो पान्यात. फेरी न्हाय तर न्हाय. मासं हायत.”

“मासं हायत!” मायाक्का कडाडली. “पोरीची शाळा माशावर व्हती काय? पर ह्यांचं आपलं, मास्तर मास्तर!”

मी नटबोल्ट फिरवले. स्विच टेपसकट उपटला आणि पोटाशी धरला. दुःखाआधी राग आला. आप्पा, तुम्हाला सगळ्यांना शिकवायचं होतं. स्वतःला नाही!

परत निघालो तेव्हा पश्चिमेला आभाळ मातीच्या रंगाचं झालं होतं. धुळाप्पाने एकदा तिकडे पाहिलं आणि इंजिन पूर्ण वेगात सोडलं. वारं आलंच! आधी थंड झुळूक, मग धुळीची भिंत, मग लाटा. फुगवट्याच्या पाण्याला समुद्रासारखी लांब लाट नसते. आखूड, उभी, थपडा मारणारी असते. काठ दिसेनासा झाला. बाभळींचे शेंडेही.

धाडकन!

होडी एका खुंटावर चढली, करकरली आणि उतरली. पत्र्याची शिवण उसवली. माझ्या पायांशी पाणी उकळल्यासारखं वर आलं.

“पंप!” धुळाप्पा ओरडला. “पंप लागला का?”

मी ऐकलं. वारा. इंजिन. मायाक्काचा श्वास. पंप नाही!

फळी उचलून मी हात खाली घातला. आमच्याच पायांनी आत आलेला गाळ तळाशी बसला होता आणि फ्लोटची बिजागरी त्याने धरून ठेवली होती. मी फ्लोट बोटांनी वर ओढला. घुर्रर्र! सोडला. बंद. पुन्हा ओढला. घुर्रर्र!

“तसाच धरा!” मायाक्का डब्याने पाणी उपसत म्हणाली.

मी धरला. पण एक पंप आणि एक डबा पुरेनात. पाणी घोट्याच्या वर आलं. दुसरा डबा माझ्या समोर तरंगत होता आणि माझा हात तळात अडकलेला. इंजिन हातातून सोडलं तर होडी आडवी होऊन उलटली असती. धुळाप्पा हलू शकत नव्हता. फ्लोट वर बांधायला हवा होता. ओढणीचं टोक घालून पाहिलं. जाड कापड त्या फटीत शिरेना.

“दोरा? टेप? काही आहे का?”

“न्हाय ताई!”

टेप माझ्या मांडीवर होती.

क्षणभर मी थांबले. हो, थांबले. ती गेली की पुरावा गेला. मग होडी एका बाजूला कलली, मायाक्का माझ्यावर आदळली, आणि मी ते दुमडलेलं टोक ओल्या बोटांनी धरून ओढलं. एका हिसक्यात निघाली! शोधावं लागलं नाही. चिकटपणा मेला होता, पण ताण घेत होती. फ्लोटखालून वेढा, फळीच्या खिळ्यावरून वेढा, गाठ. हात सोडला.

घुर्रर्र. चालूच.

मग दोन्ही डबे! उपसा, फेका, उपसा, फेका! मायाक्का शिव्या देत होती, वाऱ्याला, पाण्याला, नवऱ्याला, मला, माझ्या बापाला. मीही देत होते. मला इतक्या येतात हे मला माहीत नव्हतं. जुना स्विच कुठल्या लाटेबरोबर गेला, कोणी पाहिलं नाही.

काठ लागला तेव्हा होडी गुडघाभर भरलेली होती आणि पंप अजून ओरडत होता.

काठावर दहा-बारा माणसं जमली होती. मुदतीसाठी वाट पाहत थांबलेला ऋतुराज फाईल पोटाशी धरून पुढे आला. “मॅडम, ठीक आहात ना? मिळालं काही?”

माझ्याआधी धुळाप्पा बोलला. “कशाचं काय साहेब. समदा गाळ.”

तो माझ्याकडे पाहत नव्हता. ओल्या टॉवेलने तोंड पुसत होता.  मायाक्का मात्र माझ्याकडे पाहत होती, गाळातून बाहेर ओढताना पाहिलं होतं तशी.

हातात काही नव्हतं. मी गप्प बसले असते तर कोणीही मला खोटं म्हणू शकलं नसतं.

“लिहून घ्या,” मी म्हणाले. “स्विच होता. फ्लोट टेपने बांधलेला होता. ती टेप माझ्या वडिलांनी लावली होती. धुळाप्पा नको म्हणत होता.”

“पुरावा, मॅडम?”

“ह्या होडीत बघा. टेप तिथे आहे. बाकी माझा शब्द. माझी तक्रार खोटी होती, तेही लिहा.”

त्याने पेन उघडलं. मी पाण्याकडे वळले. वारं पडलं होतं. चाळीस वर्षं आमच्या घरात कोणी न उच्चारलेलं वाक्य मी सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले.

“आप्पा, तुमचं चुकलं!”