उजव्या बाजूचा श्वास

वारा स्वतः फारसा आवाज करत नाही. तो कानाच्या पाळीला, हेल्मेटच्या पट्ट्याला अडतो, भोवऱ्यासारखा फिरतो आणि तिथेच घरघरतो. सायकलवर जो आवाज आपल्याला छळतो तो लांबून आलेला नसतो, आपल्याच कानाच्या दारात तयार झालेला असतो. श्रवणयंत्रं बसवण्याचं काम मी एकवीस वर्षं करतोय. येणाऱ्या सायकलवाल्यांना ठरलेलं सांगतो: वेग थोडा कमी करा, मान किंचित वळवा, आणि पट्ट्यावर कानाच्या पुढे काहीतरी केसाळ गुंडाळा. वारा त्या केसांत शिरला की त्याची मस्ती जिरते.

लोकांना सांगता सांगता पाळी घरावर आली. टिटवी म्हणजे माझी मुलगी, वय अकरा. बोलायला लागली की थांबत नाही म्हणून हे नाव. चार वर्षांपूर्वी तापात तिचा उजवा कान गेला. पार गेला, यंत्राचाही उपयोग नाही असा. डावा निम्मा राहिला, त्यावर यंत्र. देवानं एक तरी ठेवला, म्हणून आम्ही नवराबायको रोज त्याच्यापुढे हात जोडतो आणि तो एक कान तळहाताच्या फोडासारखा जपतो.

शाळा तलावापलीकडे. ट्रकच्या रस्त्यावर तिला सायकल घालू देणं शक्यच नव्हतं, म्हणून आम्ही दोघं दोन सायकलींवर बंधाऱ्यावरून जायचो. दोन किलोमीटर सरळ रस्ता, जाताना डावीकडे पाणी, उजवीकडे गवताचा उतार. वारा असा की यंत्रातून तिला घरघरीशिवाय काही पोचत नसे. मी मागून "गाडी!" म्हणून ओरडायचो आणि ही बाईसाहेब रस्त्याच्या मधोमध. एकदा पाणीखात्याची जीप तिच्या कोपराला घासून गेली. त्या संध्याकाळी मी बायकोच्या जुन्या कोटाची केसाळ कॉलर कात्रीनं कापायला बसलो.

"ससा मारलात की काय?" बायको दारातून म्हणाली.

"तुझ्या कोटाचा आहे."

"म्हणजे माझाच गळा कापलात. विचारायचं तरी!"

कॉलरच्या चार पट्ट्या झाल्या. दोन टिटवीच्या हेल्मेटला, दोन माझ्या. तिच्या यंत्राच्या बारीक भोकावर स्पंजचा तुकडाही चिकटवला. दुसऱ्या दिवशी बंधाऱ्यावर चढलो आणि मी चाचणी म्हणून हळूच म्हणालो, "टिटवे, डावीकडे हो." ती लगेच डावीकडे झाली. मला सायकलवरच रडू आलं. खोटं कशाला सांगू.

परतताना तिनं विचारलं, "बाबा, तुम्ही दमलात का?"

"नाही. का गं?"

"मग श्वास कोण घेतंय?"

मी म्हटलं, केसांत शिरणारी हवा असेल. चौथ्या दिवशी ती पुन्हा म्हणाली, "तो नुसता आत घेतो बाबा. सोडत नाही."

"कुठून येतो आवाज?"

"उजवीकडून. जाताना पण, येताना पण."

इथे मी ब्रेक लावला. आवाज कुठल्या बाजूचा, हे कळायला दोन कान लागतात. एका कानाच्या माणसाला दिशा सांगता येत नाही. रोज माझ्या खोलीत मी हे बघतो. शिवाय जाताना तिच्या उजवीकडे उतार असायचा आणि येताना पाणी. ती दोन्ही वेळा उजवीकडूनच म्हणत होती.

पुढच्या आठवड्यात तो मलाही ऐकू आला. वारा भरपूर होता, गवत आडवं पडलं होतं, पण पट्ट्यांमुळे कानात शांतता होती. त्या शांततेत कुणीतरी छाती भरून घेत होतं. घाई नव्हती, धाप नव्हती. मी मनात आकडे मोजले. चाळीसपर्यंत गेलो, तरी श्वास आतच चालला होता.

असा श्वास मला ओळखीचा होता. आमच्याकडे दर सुट्टीला सकाळी प्रार्थनेच्या सभागृहात गाऊन प्रवचन होतं. सांगणाऱ्यांना सगळे काका म्हणतात. काका दोन वाक्यं बोलतात, तिसरं सुरात उचलतात, आणि त्यांच्यामागे आम्ही आठदहा जण साथीला. साथीचा एकच नेम आहे: पुढच्यानं श्वास भरला आणि तो थांबला, की मागच्यांनी सूर द्यायचा. त्याला त्या क्षणी एकटं सोडायचं नाही. टिटवीला शब्द नीट पोचत नाहीत, म्हणून तिला मी श्वासच शिकवला होता. काकांचे खांदे वर गेले, थांबले, की पहिला सूर तिचा. कधी चुकत नाही. "ही बहिरी आणि तुम्ही काय?" असं काका इतरांना सगळ्यांदेखत सुनावतात.

मी काकांना बंधाऱ्याचं सांगितलं. मला वाटलं हसतील. ते चष्मा पुसत राहिले.

"किती वेळ घेतो म्हणालास?"

"काल शंभरपर्यंत मोजलं."

"एवढ्या श्वासावर काय गायचं असेल रे त्याला?" मग चष्मा चढवून म्हणाले, "पोरीला सांग, तिथे साथ द्यायची नाही. पुढे कोण बसलंय हे बघितल्याशिवाय आपण सूर देतो का?"

मी हो म्हटलं. पण घरी आल्यावर सांगायला जीभ उचलेना. अकरा वर्षांच्या पोरीला काय सांगणार होतो? कुणाला घाबर म्हणून? आणि पट्ट्या काढल्या तर पुन्हा ती घरघर, पुन्हा जीप. उद्या सांगू, असं म्हणत तीन दिवस गेले.

चौथ्या दिवशी सकाळी वाराच नव्हता.

तलाव आरशासारखा पडला होता. गवताचं एक पातं हलत नव्हतं. टिटवी माझ्यापुढे दहा हात अंतरावर होती. बंधारा निम्मा झाला आणि श्वास सुरू झाला. या वेळी मोजायची गरज नव्हती. टिटवीच्या वेणीचं टोक उजवीकडे ओढलं गेलं होतं, आणि पाण्यावरचा पाचोळा तलावाच्या मध्यातून काठाकडे, आमच्याकडे, सरकत होता.

"टिटवे, चल. जोरात मार पायडल."

तिनं पाय थांबवले. एक पाय जमिनीला टेकवला. मान उजवीकडे केली, काकांकडे बघते तशी.

तिची नजर हळूहळू वर गेली. कुणाचे तरी खांदे वर जावेत, तशी. फार वर.

मी सायकल टाकून धावलो.

श्वास थांबला.

"गाऊ नकोस!"

तिनं सूर दिला होता. स्वच्छ, भरलेला, मी शिकवला होता तसाच. माझा हात तिच्या तोंडावर पडेपर्यंत तो संपलाही होता. पाचोळा जागच्या जागी थांबला. बाकी काही झालं नाही. मी तिला कवटाळून उभा राहिलो, देवाचं नाव घेत राहिलो. ती माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "बरोबर जागी दिला ना?"

"हो," मी म्हटलं. "बरोबर जागी."

ते तिला ऐकू गेलं नाही.

शाळा राहिली. मी तिला तशीच माझ्या कामाच्या खोलीत नेलं, काचेच्या चाचणीकोठीत बसवलं. कानांवर हेडफोन चढवले. ही कोठी तिला घरासारखी: आवाज आला की बोट वर, आवाज संपला की बोट खाली. मी काचेबाहेर बसलो आणि आधी डावा कान घेतला. सगळ्यात हळू आवाज. मग मोठा. मग असा मोठा, की शेजारच्या खोलीतली बाई काय झालं म्हणून डोकावली. बोट मांडीवरून उचललं गेलं नाही. चार वर्षं जपलेला कान. मी चाचणीच्या यंत्रावरचा आकडा तीन वेळा तपासला.

उजवा कान तपासण्यात अर्थ नव्हता. तरी नेमानं कळ उजवीकडे फिरवली आणि डोळे पुसायला हात वर घेतले.

टिटवीनं बोट वर केलं.

माझे दोन्ही हात डोळ्यांवर होते. यंत्रावर कुणीच नव्हतं.

ती काचेतून माझ्याकडे बघत होती. चेहरा असा उजळलेला, की क्षणभर मलाही आनंद झाला. मी यंत्र बंद केलं. मग खाली वाकून त्याची भिंतीतली पिनही काढली. आत गेलो, तिच्या डोक्यावरून हेडफोन उतरवले, तिच्यापुढे गुडघ्यांवर बसलो.

"काय येतंय ऐकू?" मी ओठ हलवून विचारलं.

तिनं दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवून मला गप्प केलं. मी घड्याळाकडे पाहत वाट बघत बसलो. दुपारी तिची आई आली. संध्याकाळी काका आले, दारातच थांबले.

तिचा वर केलेला हात आता आईनं कोपराखाली धरला आहे, दमू नये म्हणून. बोट अजून खाली आलेलं नाही.