चढाला माणूस नावेला नेतो

चुलीत दोन गोवऱ्या सरकवा आणि ते मोबाईल पालथे ठेवा. आता ऐका. हे मी रचलेलं नाही, घडलेलं आहे. ज्याच्या बाबतीत घडलं त्याला तुम्ही रोज बघता. पुलाजवळ चामड्याच्या पिशव्या शिवतो तो लोद्रो, माझ्या मावशीचा धाकटा. एवढा हाताचा कसबी, पण नाव बांधत नाही, म्हणून तुम्ही त्याची टर उडवता. उडवा. पण काय झालं ते ठाऊक करून घेऊन उडवा.

चार वर्षांमागची दहाव्या महिन्याची पंचविसावी होती. घराघराच्या छपरावर लोण्याचे दिवे लावतात ती रात्र. म्हणजे चंद्राचं नाव नको, तो पहाटे उगवणार. त्या दिवशी सकाळीच लोद्रो नाव घेऊन नदीनं खाली गेला. संगमाजवळच्या एका हॉटेलवाल्याला पाहुण्यांना दाखवायला याकच्या कातड्याची खरी नाव हवी होती. लोद्रोनं दिवसभर पाहुण्यांना काठाकाठानं फिरवलं. सोबत त्याचा मेंढा होता, कार्पो. कार्पो म्हणजे पांढऱ्या, रंग मात्र चुलीपुढच्या पोतेऱ्याचा. पाहुण्यांनी लोद्रोपेक्षा कार्पोचेच फोटो जास्त काढले.

परतीला मेहुण्याची पिकअप ठरली होती. पण हा मेहुणा, पेनपा, हॉटेलच्या स्वयंपाकघरात छांग प्यायला बसला तो तिथंच आडवा झाला. पेनपाला छांग दिसली की बायको दिसत नाही, तिथं मेहुणा काय दिसणार? लोद्रोनं हलवून पाहिलं, तोंडावर पाणी मारलं. पेनपा म्हणाला, "सकाळी निघू रे, नदी काय पळून जाते का?" आणि कूस बदलली. आईनं तर बजावलं होतं, दिवे विझायच्या आत घरी ये. मग काय, लोद्रोनं कपाळाला बॅटरी बांधली, मेंढ्याच्या पाठीवर सातूच्या पिठाची पिशवी टाकली आणि नाव पाठीवर घेऊन चालू लागला. आपले बापजादे हेच करत आले. उताराला नाव माणसाला नेते, चढाला माणूस नावेला नेतो.

तुमच्यातल्या कोणी नाव वाहिलेली नाही, म्हणून सांगतो. नाव पालथी करायची, आडवी फळी खांद्यांवर घ्यायची, दोन्ही हातांनी कड धरायची. डोकं नावेच्या पोटात. लांबून बघणाऱ्याला वाटतं, दोन पायांचा किडा चाललाय. आतल्याला दिसतात ते स्वतःचे पाय आणि पायाखालची हातभर वाट. बस.

दोघं असले तर आळीपाळीनं वाहायची. मागून चालणाऱ्यानं कातड्यावर दोनदा ठोकायचं, म्हणजे "दे, माझी पाळी." आतल्यानं फळीवर एकदा ठोकायचं, म्हणजे "घे." बोलायचं नाही. धाप लागलेल्या माणसाला बोलणं परवडत नाही. लोद्रो आणि त्याचा थोरला भाऊ नोर्ग्ये, लोद्रोचा अचो, दोघांनी अशा किती वाटा तुडवल्या होत्या त्याला गणती नाही.

आता ती नाव कोणाची होती तेही सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला नुसती थंडीच वाजेल. नाव नोर्ग्येची होती. त्याच्या आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात नदी फुगली असताना तो खाली गेला आणि बुडाला. दोन वळणांपलीकडे रेतीवर नाव सापडली, कातडं फाटलेली. माणूस सापडला नाही. कार्पो तेवढा पोहून काठाला लागला होता. नोर्ग्येला शोधत गेलो तेव्हा मेंढा पाण्याकडे तोंड करून उभा होता, ओढला तरी हलेना.

बुडालेल्याच्या नावेचं काय करायचं असतं, तुम्हाला माहीत आहे. कातडं सोलायचं आणि वाळुंजाच्या काठ्यांचा सांगाडा काठावर जाळायचा. कारण नावाड्याचा प्रवास खाली पोचल्यावर संपत नाही. नाव वर आणली की संपतो. सांगाडा जाळला म्हणजे बुडालेल्याला कळतं, बाबा, तुझं वाहायचं काही राहिलेलं नाही, आता जा.

पण मावशी आडवी आली. म्हणाली, "माझा मुलगा दाखवा, मग जाळा." लामाला दारातून परत पाठवलं. मेलेल्याची वाटी आपण पालथी घालतो, तिनं नोर्ग्येची वाटी चुलीमागच्या फळीवर सुलटी ठेवली. रोज संध्याकाळी त्यात चहा भरायचा, रोज सकाळी गोठलेला खरवडून टाकायचा. सुना नाहीत, नातवंडं नाहीत, घरात ही म्हातारी आणि लोद्रो. तिच्यापुढं लोद्रोचं काही चालेना. सांगाडा भिंतीला तसाच पडून होता. काठ्या नोर्ग्येनं स्वतः वाकवलेल्या, चांगल्या मुरलेल्या. शेवटी लोद्रोनं त्याच सांगाड्यावर नवी चार कातडी चढवली. मी तोंडावर सांगितलं, हे बरं नव्हे. तो म्हणाला, "काठीला काय कळतंय?" मी गप्प बसलो. आईचा जीव त्या वाटीत अडकलाय हे गावाला दिसत होतं. थोरल्याचा कुठं अडकलाय, हे कोणी विचारलंच नाही.

तर लोद्रो निघाला. डांबरी रस्ता होता तोवर ठीक होतं. ट्रकवाले भोंगे वाजवत, हसत जात होते. मग नदीकाठची पायवाट लागली आणि सगळं बंद झालं. दिवसभर पाण्यात राहिलेलं कातडं पुरतं वाळलं नव्हतं, नाव अंगावर बसत होती. खांदे भरून आले. वारा पडला. काठाचा बर्फ तडकत होता तेवढाच आवाज.

कार्पो नेहमी उजव्या हाताला, अगदी पायाला घासून चालायचा. चालता चालता तो थोडा बाजूला झाला. मग आणखी थोडा. मध्ये एका माणसापुरती जागा सोडून चालू लागला. लोद्रोनं हाक मारली, तरी जवळ येईना.

आणि मागून कातड्यावर ठोकलं.

दोनदा.

लोद्रोला वाटलं, पेनपा शुद्धीवर आला आणि लाजेकाजेनं मागून धावत आला. खांदे तर तुटत होते. विचार करायच्या आधीच हात गेला. वर्षानुवर्षांची सवय ती. त्यानं फळीवर एकदा ठोकलं.

घे.

ओझं उचललं गेलं. सगळं नाही, अर्धं. मागची बाजू कोणीतरी खांद्यावर घेतल्यासारखी वर झाली आणि नाव एका लयीत चालू लागली.

"पेनपा?"

लोद्रोनं फळी खांद्यावर सरकवली.

"अरे, बोल की. की अजून उतरली नाही?"

लोद्रोनं मान खाली घातली आणि स्वतःच्या काखेखालून मागं पाहिलं. बॅटरीचा उजेड मागं गेला.

पाय होते.

अनवाणी. त्या थंडीत अनवाणी, आणि ओले. पाऊल पडेल तिथं दगड काळा पडत होता. डाव्या पायाला करंगळी नव्हती.

ती करंगळी कशी गेली, हे लोद्रोला कोणी सांगायला नको होतं. दोघं भाऊ लहानपणी बर्फ फोडून मासे धरायला गेले होते, तेव्हा धाकट्याच्या पायात बूट राहावेत म्हणून थोरला अनवाणी आला होता.

लोद्रोनं मान सरळ केली. पुन्हा मागं बघायची छाती झाली नाही. मला सांगताना तो म्हणाला, "दादा, मी भ्यालो, पण त्याहून जास्त मला रडू येत होतं. आणि पाय थांबत नव्हते."

पुढं ती जागा आली. तुम्हाला माहीत आहे, पांढऱ्या दगडापाशी वाट फुटते. डावीकडं गाव, चढ. उजवीकडं जुना उतार, नदी. लोद्रो डावीकडं वळला.

नाव उजवीकडं वळली.

त्यानं जोर लावला. मागचा जोर जास्त होता. त्याचे पाय घसरत, खडे उडवत उजवीकडं चालले. कार्पो पुढं धावला, नदीकडं. पाण्याचा आवाज जवळ आला. वाटेच्या जागी रेती आली. रेतीच्या जागी बर्फ... पायाखाली तो कुरकुरला. बर्फाखाली पाणी हलत होतं.

फळीखालून निसटायचं आणि पळायचं. एवढंच करायचं होतं. पण त्यानं केलं नाही. का, तर तो म्हणाला, "मी सुटलो असतो. पण अचो नाव घेऊन परत खालीच गेला असता. आणि मला घेऊन गेला असता, तर अमानं फळीवर दोन वाट्या ठेवल्या असत्या." दोन्हीकडून म्हातारीचाच जीव जाणार होता.

मग तो बोलला. नावेच्या आत आवाज घुमतो, त्याला स्वतःचाच आवाज परका वाटला.

"अचो... खाली नाही. खाली आपण जाऊन आलो. वर न्यायची राहिलीय."

बर्फ तडकला. बुटात पाणी शिरलं.

"अमा छपरावर बसलीय. दिवा लावून. रोज तुझा चहा भरते."

बॅटरीच्या उजेडात पाणी काठावर येत होतं आणि जात होतं. मागं श्वास ऐकू येतो का म्हणून त्यानं कान दिला. श्वास नव्हता.

मग मागून फळीवर ठोकलं.

एकदा.

नाव वळली.

चढावर लोद्रोनं एकदाही मागं पाहिलं नाही. पावलं ऐकत राहिला. त्याच्या पावलाबरोबर एक ओलं पाऊल. पांढरा दगड गेला. चोर्तेनचा स्तूप गेला. गावातली कुत्री एरवी परक्या माणसाला फाडून खातात, ती भिंतीला चिकटून बसली होती. छपरांवर दिवे होते, बरेचसे विझलेले. आमच्या मावशीच्या छपरावर अजून एक जळत होता.

अंगणात त्यानं नाव उतरवली. एकट्यानं उतरवली की मागची कड धाडकन आपटते. आपटली नाही. दोन्ही कडा एकदम, हळूच जमिनीला लागल्या. लोद्रो खालून सरपटत बाहेर आला, तर अंगणात कोणी नव्हतं. कार्पो घराच्या दाराकडं तोंड करून उभा होता.

वरून मावशीचा आवाज आला, रोजच्यासारखा.

"बरं झालं दोघांनी मिळून आणलीत. हे एकट्याचं काम नाही."

ती शिडी उतरून आली, दिवा हातात. अंगणात त्याच्यामागं बघितलं, नावेमागं बघितलं. चेहऱ्यावरचं काहीतरी हळूहळू उतरत गेलं. "मला खाली चार पाय दिसले," ती म्हणाली. "तू पुढं होतास. मागं..." आत गेली. लोद्रोही गेला. चूल विझत आली होती.

फळीवरची वाटी पालथी होती.

"तू घातलीस?" तिनं विचारलं.

"मी आता तर आलो, अमा."

दार बाहेरून कडी लावलेलं होतं, तिनंच लावून ती छपरावर गेली होती. ती वाटीपुढं बसली, आणि तेव्हा कुठं रडली. दीड वर्ष न रडलेली बाई पहाटेपर्यंत रडली. उजाडताच मला बोलावणं आलं. मी गेलो तर सुरी माझ्या हातात देऊन म्हणाली, "कातडं सोल. सांगाडा काठावर ने. आणि लामाला म्हणावं, मी चुकले, या." आम्ही जाळला. वाळलेल्या काठ्या, भडकन पेटल्या.

घरी येऊन तिनं वाटी उचलली. खाली मूठभर रेती होती. नदीची, ओली. तिनं मला पुसू दिली नाही. वाटी तशीच परत पालथी घातली.

मावशी जाऊन दोन वर्षं झाली. घर तेच, फळी तीच. आपली हवा तुम्हाला माहीत आहे, हिवाळ्यात ताजं कातडंही रात्रीत कडक होतं. उद्या लोद्रोकडं पिशवी घ्यायला जाल तेव्हा चुलीमागं बघा. परवा मी गेलो होतो. त्यानं न बोलता वाटी उचलून दाखवली. मी बोट लावलं.

रेती अजून ओली आहे.