भिंतीवरची गाळलेली ओळ

चेकपोस्टवरच्या पोलिसाने माझा इकामा, इथला राहण्याचा परवाना, दोनदा पाहिला आणि हळूच मान हलवली. रागाने नाही, पण पुढे जाता येणार नाही हे सांगणारी.

"बाजी, आदत से सीधी ले ली गाडी," टॅक्सीवाला मुस्तफा कपाळाला हात लावून म्हणाला.

जेद्दाहून ताइफला जाताना मक्केच्या अलीकडे एक फाटा लागतो. मुसलमान नसलेल्यांनी तिथून बाहेरच्या रस्त्याला लागायचं आणि वळसा घालून पुढे जायचं. मुस्तफा वर्षानुवर्षं यात्रेकरू नेणारा. मागच्या सीटवर उमऱ्याच्या यात्रेला निघालेलं एक कुटुंब, पुढे डोक्यावरून ओढणी घेतलेली मी. मला वेगळं काही विचारायचं त्याला सुचलंच नाही. आणि मी... मी तो फाटा मागे पडताना पाहिला होता. "भाई, थांबा" एवढंच म्हणायचं होतं. तेवढाही धीर झाला नाही.

मागच्या लोकांची नमाजाची वेळ चुकू नये म्हणून मी उतरले आणि मीच मुस्तफाला पुढे जायला सांगितलं. दूर, डोंगरांच्या पलीकडे असलेल्या त्या पवित्र शहराला मनातल्या मनात हात जोडले. पोलिसाने आपली खुर्ची सावलीत आणून दिली, पाण्याची बाटली दिली. तरी रस्त्याच्या कडेला एकटी बसलेली बाई ती एकटीच. अंगावरून जाणारी प्रत्येक गाडी जरा हळू झाली की माझ्या तोंडातलं नामस्मरण जोरात व्हायचं.

मग एक पांढरा पिकअप थांबला. चुन्याचे डाग पडलेला शर्ट घातलेला एक माणूस उतरला. त्याने माझ्या मांडीवरच्या पुस्तकाकडे पाहिलं — हरिपाठाची छोटी वही ती — आणि चक्क मराठीत म्हणाला, "तुम्हालाही परत फिरवलं का? मलाही आत्ताच. बोलता बोलता फाटा चुकलो."

"कोणाशी बोलत होता? गाडीत तर कोणीच नाही."

तो जरासा गडबडला. "स्वतःशी. मिरजेची माणसं बोलतात स्वतःशी."

मला हसू आलं नाही. तेव्हा मला कशाचंच हसू येत नव्हतं.

"मी देवदत्त. ताइफच्या वर गुलाबाची एक जुनी बाग आहे, तिथल्या घराची दुरुस्ती करतो. कुणी रशियन डॉक्टर राहायचा त्या घरात, कवी होता म्हणे. आज त्याचं भिंतीवरचं लिखाण वाचायला कुणीतरी येणार आहे जेद्दाहून."

"ती मीच," मी म्हणाले.

*

माझं नाव ज्ञानदा. गाव वाई. पुण्यात रशियन शिकले आणि दोन वर्षं जेद्दातल्या एका पर्यटन कंपनीत रशियन पाहुण्यांची दुभाषी होते. होते, कारण करार संपत आला होता आणि तो वाढवायला मी नकार दिला होता. फायनल एक्झिटचा, म्हणजे कायमचं देश सोडण्याचा, शिक्का पडला होता. साडेतीन आठवड्यांनी विमान. इथलं काही वाईट होतं असं नाही, पण मला भीती वाटायची... लिफ्टची, अनोळखी नंबरची, रुंद रस्त्यांची. आईला फोनवर सगळं छान आहे म्हणायचे आणि मग संध्याकाळी ते दुरुस्त करायचे.

हे दुरुस्त करणं म्हणजे माझा नेम. आईनेच लावलेला. दिवेलागणीला देवापुढे बसायचं, हरिपाठ म्हणायचा आणि दिवसभरात कुणाशी खोटं बोललो असलो तर ते त्या माणसाला सांगून टाकायचं. मगच जेवायचं.

अल-हदाचा घाट चढताना देवदत्तला हे कळलं ते माझ्या चुकीने. रस्ता डोंगरावर वळणावळणाने चढत होता, समोर धुकं, कठड्यापलीकडे नुसती पोकळी. "भीती वाटतेय का?" त्याने विचारलं. "नाही," मी म्हणाले आणि लगेच, "म्हणजे हो. आत्ताच सांगते, नाहीतर संध्याकाळी तुमचा नंबर शोधावा लागेल."

सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "रोज किती फोन करावे लागतात हो?"

"खोटं कमी बोललं की फोन कमी."

"आणि समजा, एखाद्याने मुद्दामच तुम्हाला खोटं बोलायला लावलं... फोन यावा म्हणून?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. कठड्यावर माकडांची एक मोठी फौज ओळीने बसली होती, पावसाने केस विस्कटलेली, थेट माझ्याकडे बघणारी. माझे कान का तापले होते ते त्यांना कळलं असावं.

*

बाग डोंगराच्या कुशीत होती. ओल्या मातीला, धुक्याला, अगदी कुलपालाही गुलाबाचा वास. तिथली देखभाल हुसेनमियाँ करायचे, मूळचे श्रीवर्धनचे, तीस वर्षं या बागेत. पहाटे तोडलेल्या फुलांच्या टोपल्या अत्तराच्या भट्टीवरच्या तांब्याच्या भांड्यांत रिकाम्या करताना ते मला म्हणाले, "ये गो बाय. हकीमाचं घर बघायला आलीस? जपून हां. वरची खोली म्हातारी झालीय, माझ्यासारखी."

वरच्या खोलीत देवदत्तने गिलाव्याचे थर अलगद काढले होते. खालून पेन्सिलची बारीक, तिरकी अक्षरं वर आली होती. येफिम झारूबिन, साधारण नव्वद वर्षांपूर्वी जेद्दाच्या रशियन वकिलातीत डॉक्टर. तीन उन्हाळे या घरात राहिला, आजूबाजूच्या लोकांना औषधं दिली आणि कागदाऐवजी भिंतीवर लिहीत राहिला. मग मायदेशाहून परत बोलावल्याचं पत्र आलं. गेला तो गेला. पुढे काय झालं कुणालाच माहीत नाही.

बागेच्या मालकांना फलकावर लावायला कविता हवी होती. भिंतीवर कविता थोडी आणि बाकीचंच फार. कुणाला किती क्विनाईन दिलं, वारा कुठून आला, आज किती टोपल्या फुलं. मी वाचून मराठीत सांगायचे, देवदत्त वहीत उतरवून घ्यायचा. इंग्रजी भाषांतर नंतर, सावकाश.

"इथल्या गुलाबांना माझी भाषा येत नाही," एकदा मी वाचलं, "म्हणून त्यांच्यापुढे मी धीट होतो."

देवदत्तची पेन्सिल थांबली. "तुम्ही कोणापुढे धीट होता?"

"देवापुढे."

"आणि माणसांपुढे?"

"लिहा तुम्ही. ओळ निसटेल."

शनिवारी-शनिवारी मी जायचे. तो फाट्यावर थांबायचा, मला घेऊन वर यायचा. माझ्या उपासाच्या दिवशी तोही दुपारचं जेवायचा नाही. विचारलं तर म्हणायचा, भूक नाही. मी म्हणायचे, "संध्याकाळी दुरुस्त करा." तो म्हणायचा, "माझा कुठे नेम आहे?" माझ्या हाताला लागलेला चुना पुसायला त्याने एकदा आपला रुमाल पुढे केला, हात नाही. त्या रुमालाचं मला रात्रभर... जाऊ दे.

तिसऱ्या शनिवारी हुसेनमियाँनी चहा दिला. मी सहज म्हणाले की त्या दिवशी आम्ही दोघंही चेकपोस्टवरून परत फिरवले गेलो म्हणून भेट झाली.

"हा? फाटा चुकला?" ते हसायलाच लागले. "चार वर्षं येतोय हा, बाय. डोळे बांधलेस तरी चुकायचा नाय."

माझ्या हातातला पेला कलंडला.

मग आम्ही घाट उतरू लागलो. धुकं इतकं होतं की पुढच्या गाडीचा लाल दिवासुद्धा दिसेना. एका खोटं बोलणाऱ्या माणसाच्या गाडीत, डोंगराच्या कडेला, मी तीन आठवडे हसत-बोलत बसले होते. दाराच्या कडीवर हात ठेवून मी हरिपाठ सुरू केला. अभंग चुकत होता.

"ज्ञानदा... काय झालं?"

"तुम्ही फाटा चुकला नव्हता."

त्याने गाडी कडेला घेतली, दिवे लुकलुकते ठेवले.  मग स्टिअरिंगकडे बघत म्हणाला, "नाही. मी बाहेरच्या रस्त्यावर होतो. पलीकडे तुम्ही दिसलात, एकट्या. पुढून वळवून आणली गाडी. तुमच्यासाठी आलो म्हटलं असतं तर बसला असता?"

"नसते बसले."

"म्हणून. चुकलेल्या माणसाबरोबर चुकलेलं माणूस बसतं." तो थांबला. "पण खोटं ते खोटंच. तीन शनिवार सांगायचं म्हणतोय. भीती वाटली... तुम्ही परत येणार नाही याची."

त्याच्या कपाळावर घाम होता, त्या थंडीत. माझी बोटं कडीवरून कधी निघाली ते मला कळलं नाही. पण त्या रात्री झोप लागली नाही, कारण मला आता एक वेगळीच भीती वाटायला लागली होती. सात दिवसांनी शेवटचा शनिवार होता आणि त्यानंतरच्या मंगळवारी माझं विमान.

*

शेवटचा शनिवार. कोपऱ्यातला शेवटचा तुकडा उघडा झाला होता. बाहेर पाऊस होता, छतातून एक धार थेट भिंतीकडे सरकत होती, आणि देवदत्त एका हाताने ताडपत्री धरून उभा होता.

"वाचा लवकर. ओल आली तर अक्षरं जातील."

मी वाचू लागले. "पत्र आलं. उद्या निघायचं. औषधांची पेटी इथेच ठेवतोय..." आणि पुढची ओळ.

मी ती डोळ्यांनी वाचली. एकदा, दोनदा. ती मराठीत त्याच्याकडे बघून म्हणायची होती. 

"पुढे?"

"पुढे... 'यंदा फुलं लवकर संपली.' बस्. एवढंच."

त्याने वहीत तेवढंच लिहून घेतलं. वही मिटली. चार शनिवारांचं काम संपलं.

खाली भट्टीजवळ हुसेनमियाँनी चादर अंथरली होती, भाकरी, माशाचं कालवण, माझ्यासाठी वेगळी डाळ. सांजेची, मगरिबची अजान झाली तसे ते नमाजाला आत गेले. मी पणती लावली, हरिपाठ म्हटला. देवदत्त जरा दूर, दाराच्या चौकटीला टेकून उभा. हरिपाठ संपला. मी ताटाकडे हात नेला आणि मागे घेतला.

पुन्हा नेला. पुन्हा मागे.

उद्यापासून हा माणूस दिसणार नाही. गाळलेली ओळ कुणाला कळणार आहे? भिंत परत चुन्याखाली जाईल, फलकावर गुलाब येतील. नाही सांगितलं तर एक रात्र उपाशी, बस. आणि सांगितलं तर... सांगितलं तर मला या रुंद रस्त्यांच्या देशात राहायला लागेल, किंवा हा नुसताच हसेल. दोन्हीपैकी जास्त भयंकर काय ते मला ठरवता येईना.

"जेवत का नाही?" त्याने विचारलं. मग त्याचा चेहरा बदलला. त्याला माझा नेम ठाऊक होता. "कुणाशी बोललात खोटं?"

"तुमच्याशी."

तो चौकटीपासून सरळ उभा राहिला.

"एक ओळ गाळली मी. वहीत लिहा." माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. "'रात्री तिच्या दारापर्यंत गेलो. माझ्याबरोबर राहशील का, एवढं विचारायचं होतं. पावसाबद्दल बोललो आणि परत आलो.'"

त्याने वही उघडलीच नाही. भट्टीखालचे निखारे तडतडले. तो माझ्याकडे बघत होता, मग त्याने बाहेर बघितलं.

"पाऊस..." तो म्हणाला, "पाऊस उघडलाय वाटतं."

 मी ओढणी सावरली, उठायला हात टेकला. आणि त्याच क्षणी त्याला आपण काय बोललो ते कळलं. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलत होते, हसतोय की काय ते कळेना. हात काढले तेव्हा डोळे ओले होते.

"नाही," तो म्हणाला. चार पावलं चालत आला, चादरीच्या कडेला गुडघ्यांवर बसला. "नाही, मी तसा परत जाणार नाही. ज्ञानदा... थांबशील का?"

मला 'तू' म्हणाला. पहिल्यांदा.

"भीती वाटते," मी म्हणाले.

"नाही म्हणायची?"

"हो म्हणायची."

"मग घाबरत घाबरत म्हण. मीही तसंच विचारलंय."

"हो," मी म्हणाले. इतक्या हळू की त्याला पुढे वाकावं लागलं.

आतून हुसेनमियाँच्या खोकल्याचा आवाज आला, नमाज झाल्याचा आणि बाहेर येतोय असं सांगणारा, दोन्ही. देवदत्त घाईने उठायला गेला आणि पाय डाळीच्या वाटीवर पडला. मला हसू फुटलं. तेव्हाच आठवलं, फायनल एक्झिट रद्द करायची तर ती कंपनीनेच करायला हवी, आणि विमान मंगळवारी.

ऑफिसचे कागद बघणारे सुशीलभाई सुटीच्या दिवशी फोन घेत नाहीत, घेतला तर रागावतात. त्यांना काय सांगायचं? आईला काय सांगायचं? मला कशातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी नंबर लावला. फोन धरलेल्या हाताला देवदत्तने खालून आपला तळवा लावला. 

पलीकडे रिंग वाजू लागली. उचलू नका, मी मनात म्हटलं. उचला. उचलू नका.

"हॅलो?" सुशीलभाई म्हणाले.