एक चाळीसचं फाटक

त्याची-माझी पहिली भेट झाली तेव्हा तो हिरव्याचा लाल झाला होता.

तो म्हणजे ठिपका. घरोघरी पार्सलं पोचवणाऱ्या कंपनीत, वरच्या मजल्यावरच्या बिनखिडकीच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून मी चाळीस गाड्यांचे चाळीस ठिपके राखायचे. गाडी चालती असली की ठिपका हिरवा. तीन मिनिटं थांबली की पिवळा. पाच मिनिटांनी लाल. लाल झाला की मी ड्रायव्हरला फोन करायचा, कारण विचारायचं आणि पडद्यावरच्या यादीतल्या सहा कारणांपैकी एकावर बोट ठेवायचं. कारण बसलं नाही तर त्याचा बोनस कापला जाई. असे तीन लाल झाले की आठवडाभर घरी. पार्सलमागे पैसे मिळणाऱ्या माणसाला आठवडाभर घरी म्हणजे काय, ते कळायला मला कॅल्क्युलेटर लागत नव्हता.

त्या दुपारी एक चाळीसला सतरा नंबर लाल झाला.

"सतरा, गाडी का थांबलीय?"

"जेवतोय."

इतकं सरळ उत्तर मला तीन वर्षांत कुणी दिलं नव्हतं. बाकीचे एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्याने घास सांभाळत, सिग्नलला जेवत.

"यादीत जेवण नाही," मी म्हटलं.

"मग काय काय आहे?" हॉटेलात विचारावं तसं त्याने विचारलं.

"पंक्चर, इंधन, वाहतूक कोंडी, गिऱ्हाईक घरी नाही, गाडीत बिघाड... आणि रेल्वे फाटक."

"फाटक द्या."

"तिथून रेल्वे जाते?"

"नाही हो. पण तुम्ही लिहिलंत तर जाईल."

मी हसले नाही. कामावर हसायची मला सवय नाही. पण बोट मात्र कुणाला न विचारता फाटकावर जाऊन बसलं.

दुसऱ्या दिवशी एक चाळीसला मी डबा उघडून तयार होते. त्याला फोन करायचा म्हणून नव्हे, भूक लागली होती म्हणून – आईने विचारलं असतं तर मी हेच सांगितलं असतं. ठिपका पिवळा झाला. लाल व्हायला दोन मिनिटं होती. ती दोन मिनिटं मी कशी काढली, ते नोंदवहीत नाही.

"फाटक पडलंय?" मी विचारलं.

"आत्ताच पडलं. तुमच्याकडे?"

"माझ्याकडे कसलं फाटक? मी खोलीत बसलेय."

"मग ये-जा सगळी बंदच म्हणायची," तो म्हणाला. "अहो, खिडकी तरी आहे का?"

नव्हती. म्हणून तो रोज मला बाहेरचं सांगू लागला. कालव्याकाठी एक झाड होतं, त्याखाली गाडी लावायची, मागचं दार उघडं टाकायचं आणि पायरीवर बसायचं. हेडफोनात डब्याचं झाकण वाजायचं, पाठोपाठ पानं वाजायची.

"कसलं झाड?"

"नाव ठाऊक नाही. पिवळी फुलं गळतात. हे बघा... एक डब्यातच पडलं."

"मग?"

"काढून ठेवलं. तुमच्यासाठी."

गिऱ्हाइकाने न घेतलेली पाकिटं संध्याकाळी नोंदीला माझ्या टेबलावर येत. त्या दिवशी सतरा नंबरच्या एका पाकिटावर, चिकटपट्टीखाली, एक पिवळी पाकळी होती. अगदी सपाट, नीट बसवलेली. तिची नोंद कुठल्या रकान्यात करायची ते मला कळेना. मी ती खणात ठेवली. पंधरवड्यात खणात अकरा पाकळ्या झाल्या.

आणखी एक गोष्ट. बाकीचे एकोणचाळीस ड्रायव्हर मला ताई म्हणत. हा नुसताच 'अहो' म्हणायचा. मोजूनमापून जगणाऱ्या बाईच्या नजरेतून एकोणचाळीस आणि एक यातला फरक सुटतो थोडाच?

एकदा जेवताना त्याने मध्येच डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाला, "नऊ नंबरचे काका दिवसभर पाणी पीत नाहीत."

"का?"

"प्यायलेलं पाणी पुढे कुठेतरी थांबायला लावतं. त्याचं कारण आहे तुमच्या यादीत?"

मी यादी पाहिली. जणू मला पाठ नव्हती.

"काकांना सांगा," मी म्हटलं, "त्यांच्या रस्त्यावरही फाटक आहे."

झालं. दुसऱ्याच दिवशी काकांचा लाजरा आवाज आला, "ताई, ते... फाटक पडलंय." मग अकरा नंबर. मग बावीस, तीस. महिनाअखेरीला शहराच्या चारी दिशांना फाटकंच फाटकं झाली होती. रेल्वेने बांधली नसतील तेवढी मी पाडली.

साहेब तसे वाईट नव्हते. त्यांच्या टेबलावर आकडे येत, माणसं येत नसत, एवढंच. तर आकडे आले. रेल्वे फाटक – दोनशे बारा. साहेबांनी मला बोलावलं आणि रेल्वेला तक्रारीचं पत्र लिहायला बसवलं. दोन ओळी झाल्यावर ते थांबले.

"असं करू. उद्या आपण स्वतः जाऊन फोटो काढू. सतराचं फाटक रोज एक चाळीसला पडतं ना? वेळेचं पक्कं दिसतंय. तुम्हीही चला."

मी जागेवर येऊन सतराला फोन लावला. त्याची गाडी जाणार, माझी नोकरी जाणार, आणि काकांचं पाणी पुन्हा बंद होणार.

तो सगळं ऐकून म्हणाला, "माझ्यावर ढकला. सतराने फसवलं म्हणा. बसेन आठवडाभर घरी."

"आणि?"

"आणि काय... एक चाळीसला तुमचा फोन यायचा नाही. तेवढंच जरा –"

हेडफोनात नुसती पानं वाजत राहिली.

मी फोन ठेवला आणि प्रेमात पडलेली माझ्यासारखी बाई जे करील ते केलं. दोन महिन्यांचे कागद काढले आणि आकडे मांडले.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या गाडीतून आम्ही कालव्याकाठी पोचलो. रूळ नव्हते, खांब नव्हता. झाड मात्र सांगितल्याहून मोठं होतं, आणि खालची जमीन पिवळी. सतराच्या जोडीला जेवायला आलेल्या धरून चार गाड्या उभ्या होत्या. नऊ नंबरच्या गाडीपाशी काका गळलेल्या फुलांत आडवे होऊन घोरत होते.

"फाटक कुठाय?" साहेबांनी विचारलं.

पायरीवरून एकजण उठला. खांद्यावर एक फूल, त्याचा त्याला पत्ता नाही. मला वाटलं होतं त्यापेक्षा उंच, आणि कान जरा मोठे. तो रस्त्याच्या मधोमध आला आणि त्याने एक हात आडवा धरला.

"हे," तो म्हणाला. "मीच पाडतो."

"नाही साहेब," मी म्हटलं. "पाडते मी. हे फक्त जेवतात." आणि कागद पुढे केला.

साहेबांनी तो गाडीच्या बॉनेटवर ठेवून वाचला. फाटकांच्या आधीच्या महिन्यात चुकीच्या घरी गेलेली पार्सलं एकसष्ट. फाटकांच्या महिन्यात एकोणीस. गाड्या घासल्या सात वेळा, आता एकदा. साहेबांनी बेरीज स्वतः पुन्हा केली. मग झोपलेल्या काकांकडे बराच वेळ पाहिलं. टेबलावर न येणारं काहीतरी बहुधा पहिल्यांदाच त्यांच्या समोर आलं होतं.

"यादीत सातवं कारण घाला," शेवटी ते म्हणाले. "विश्रांती. वीस मिनिटं, बोनस न कापता. पण दोनशे बारा खोट्या नोंदी, बाई... त्या मला पोटात घालता येणार नाहीत."

माझी वरची खुर्ची गेली. पगार एक पायरी उतरला आणि मीही – खाली गोदामात, जिथे सकाळी गाड्या भरतात. आई म्हणाली, "शिक्षा झाली म्हणतेस आणि केस विंचरायला अर्धा तास लावतेस?"

पहिल्या सकाळी सात वाजता मी सतरा नंबरची ढकलगाडी घेऊन निघाले. गाडीच्या दारापाशी एक हात माझ्यापुढे आडवा झाला.

"फाटक पडलंय," तो म्हणाला.

"इतक्या सकाळी?"

"हो."

मी सवयीने विचारलं, "कारण?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. इतके दिवस जो आवाज थेट कानात येत होता, तो आता दोन हातांवरून आला, आणि तरी जास्त जवळून.

"यादीत नाही."

मी ढकलगाडीचा दांडा सोडला आणि त्याच्या आडव्या हातावर हात ठेवला. मागच्या गाडीतल्या काकांनी हॉर्न वाजवला नाही. ते बाटली उघडून सावकाश, पोटभर पाणी पीत होते.

पाच मिनिटं कधीच होऊन गेली होती. वरच्या खोलीत आमचा ठिपका लाल झाला असेल... असू दे.